निकाली कुस्ती

ग्रंथांचीं आणि नाटकांचीं परीक्षणें मासिकांतून नेहमींच येतात. परंतु ज्या प्रयोगाला पडदा नाहीं, तालीम भरपूर असूनहि संहिता नाहीं, आणि ज्याचा शेवट टीकाकाराच्या मताची वाट न पाहतां सर्वांच्या देखत ठरून जातो, त्या प्रयोगाचें परीक्षण कोणीं लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. ही उणीव आपणच भरून काढावी, असा संकल्प आम्हीं यंदाच्या माघांत यवतमाळ जिल्ह्यांतील एका जत्रेंतली कुस्त्यांची दंगल पाहावयास जातांना केला होता. खिशांत वही आणि पेन्सिल घेतली होती. जोडीचें वर्णन, डावांचीं नांवें, लागलेला वेळ आणि शेवटीं आमचा अभिप्राय, असे रकानेहि आंखून ठेविले होते. ते रकाने बरेचसे भरलेहि. पण शेवटच्या रकान्यांत जें लिहून आणलें, तें आतां खोडून पुन्हां लिहावें लागत आहे.

गांवाचें नांव आम्ही सांगत नाहीं. तें पैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर, उमरखेडच्या बाजूला आहे आणि तें आमचें आजोळ आहे, इतकें वाचकांस पुरे व्हावें. आमच्या जिल्ह्याला जत्रांची वाण नाहीं. कापूस वेंचून झाला, गाड्या जिनांत रित्या झाल्या आणि देणेंघेणें भागवून शेतकऱ्याच्या हातीं चार पैसे उरले, किंवा न उरले, कीं गांवोगांवच्या देवांना जाग येते. वणीस रंगनाथस्वामींची जत्रा भरते, घाटंजीस मारोती महाराजांची भरते. लहान गांवांच्या जत्रा नकाशावर दाखवूं म्हटलें तर नकाशा पुरावयाचा नाहीं. आमच्या आजोळीं सकाळीं शंकरपट आणि दुपारीं दंगल असा क्रम असे. शंकरपट २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बंद पडला होता. डिसेंबर २०२१ मध्यें परवानगी मिळाल्यावर तो पुन्हां धांवूं लागला. दंगल मात्र कोणीं बंद केली नाहीं. तिच्याकडे तितकें लक्षच कोणाचें गेलें नसावें.

कोल्हापुरास शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान आहे. आमच्याकडे मैदान म्हणजे ज्याची पऱ्हाटी लवकर उपटून झाली त्याचें शेत. परंतु आमची काळी माती कुस्तीच्या उपयोगाची नाहीं. ओली असतां ती पायाला गोळ्यागोळ्यांनीं चिकटते आणि वाळली कीं तिचीं ढेकळें पाठ सोलून काढतात. म्हणून आठ दिवस आधीं तांबडी माती आणून ती चाळतात, तींत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून ती मऊ करतात, आणि शेताच्या मधोमध तिचा आखाडा करतात. पूर्वीं हें काम बैलगाड्यांनीं होई, आतां ट्रॅक्टर करतो. वाचकांनीं ही माती लक्षांत ठेवावी. पुढें तिला साक्षीला बोलवावें लागणार आहे.

या परीक्षणाचा आम्हांला अधिकार काय, असें कोणी विचारील. आम्हीं स्वतः कधीं लंगोट चढविला नाहीं. लहानपणीं नारळावरच्या कुस्तींत एकदां उतरलों होतों आणि नारळ समोरच्याच्या घरीं गेला. तथापि आम्ही एका मोठ्या पहिलवानाचे भाचे आहों. १९६६ सालच्या माघांत याच गांवच्या दंगलींत आमच्या धाकट्या मामांनीं नदीपलीकडच्या, नांदेड जिल्ह्यांतल्या, एका नांवाजलेल्या गड्याला धोबीपछाड मारून अस्मान दाखविलें आणि चांदीचें कडें जिंकलें. आम्ही तेव्हां आठ वर्षांचे होतों व आजोबांच्या मांडीशीं बसलों होतों. आजोबा गांवचे पाटील आणि दंगलीचे पंच. आपल्याच मुलाच्या कुस्तीला बाप पंच कसा, हा प्रश्न त्या काळीं कोणीं विचारला नाहीं. पाटलाला प्रश्न विचारण्याची तेव्हां पद्धत नव्हती.

ती कुस्ती आम्हीं आयुष्यांत किती वेळां सांगितली असेल याची गणती नाहीं. शाळेच्या हस्तलिखित मासिकांत तिच्यावर निबंध लिहिला. तो नांदेडचा गडी मामांच्या खांद्यावरून गेला तेव्हां त्याचे दोन्ही तळवे जुळलेले होते, जणूं कोणी पोहणारा डोहांत सूर मारीत आहे, ही उपमा त्या निबंधांतील असून तिच्याबद्दल गुरुजींनीं आमची पाठ थोपटली होती. आजोबांच्या औदार्याचाहि त्यांत उल्लेख होता. कारण हरलेल्या गड्यालाहि त्यांनीं रिकाम्या हातानें जाऊं न देतां दावणींतला एक गोऱ्हा देऊन त्याची बोळवण केली, असें आई सांगे. कडें आजोळच्या देवघरांत लाल फडक्यांत गुंडाळून ठेवलेलें असे. मामांनीं तें कधीं हातांत घातलें नाहीं, आणि त्या माघानंतर ते मातींतहि उतरले नाहींत. ‘शिखरावर पोंचलेल्या माणसानें उतरावें, तें असें,’ या शब्दांत आई त्याचें वर्णन करी. आम्हीं तेंच वाक्य निबंधाच्या शेवटीं घातलें होतें. लग्नानंतर ती कुस्ती पत्नीला सांगितली, मग मुलांना सांगितली, आणि यंदा नऊ वर्षांच्या नातवाला ती सांगत सांगतच आम्ही एस्. टी. गाडींतून त्या गांवीं उतरलों.

मामा आतां ऐंशीच्या पुढें गेले आहेत. आखाड्याच्या कडेला, पंचांच्या मागें, गांवानें त्यांच्यासाठीं एक खुर्ची ठेविली होती. आम्हीं त्यांच्या शेजारीं सतरंजीवर बैठक मारली आणि वही उघडली.

पहिला तास नारळाच्या आणि खोबऱ्याच्या वाट्यांच्या कुस्त्यांचा. सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतचीं पोरें. कोणाचा लंगोट आजोबांच्या धोतराचा फाडलेला, तर कोणी शाळेच्या चड्डीवरच. पंच दोघांना पाठीला पाठ लावून उभे करतो, उंची पाहतो आणि सोडून देतो. डाव असा कोणालाच ठाऊक नसतो. एकमेकांच्या माना धरून दोघे भोंवऱ्यासारखे फिरतात आणि ज्याला आधीं घेरी येते तो पडतो. एका जोडींत पडलेला रडूं लागला. त्याला रडतांना पाहून पाडणाराहि रडूं लागला, तेव्हां पंचांनीं दोघांनाहि नारळ देऊन वाटेला लाविलें. अकरा कुस्त्यांपैकीं एकहि बरोबरींत सुटली नाहीं. आमच्या वहींत यांच्यापुढें ‘उत्तम’ असा शेरा आहे, आणि तो बदलण्याचें कारण अद्याप पडलेलें नाहीं.

त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी उतरली. पुसदेकडून बापाच्या मोटारसायकलवर बसून आली होती. २०१६ सालीं साक्षी मलिकनें रिओ येथील ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें आणि त्याच वर्षीं ‘दंगल’ चित्रपट आला. तेव्हांपासून आमच्याकडेहि एखाददुसरी मुलगी मातींत दिसूं लागली आहे. तिच्याशीं जोड लावावयास दुसरी मुलगी नव्हती. शेवटीं एक मुलगा पुढें झाला. हसणाऱ्यांचें हसूं संपलें नाहीं तोंच तिनें एकेरी पट काढला आणि मुलगा उताणा झाला. मुलाचा बाप गर्दींतून उठून पंचांशीं वाद घालूं लागला कीं, पोराचा पाय घसरला, कुस्ती पुन्हां लावा. पोरानें अंगाची माती झटकली आणि ‘घसरला नाही’ असें बापाला सर्वांसमक्ष सांगितलें. या मुलाचें नांव आम्हीं लिहून आणलें आहे. तो पुढें कोण होतो हें पाहावयास आम्ही असूं कीं नाहीं, कोण जाणे.

तिसरी कुस्ती एकवीसशें रुपयांची. एक गडी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनें दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. दुसरा पोलीसभरतीची तयारी करणारा. सलामी झाली, शड्डू ठोकले गेले आणि खडाखडी सुरू झाली. दहा मिनिटें नुसती खडाखडी. मग भरतीवाल्यानें पट काढून मागून कब्जा घेतला, आणि सालदार पालथा पडला तो पडलाच. त्यानें कोंपरें पोटाखालीं घेतलीं, हनुवटी मातींत खुपसली, आणि वरच्याला काय करावयाचें तें करूं दिलें. वरच्यानें घिस्सा लावून पाहिला, मोळी बांधून पाहिली; सालदार हलेना. लोक भज्यांच्या गाड्यांकडे पांगले. नातवानें दोनदां पाणी मागितलें. आम्हीं वहींत ‘रचना शिथिल, रंजकतेचा अभाव’ असें लिहिलें. मामा मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन, काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी ठेवून पाहत होते. अखेर सालदाराचा एक खांदा मातीपासून बोटभर सुटला. तेवढ्या फटींतून वरच्यानें हात सारला, आणि वाड्याचें जड दार लोटावें तसा तो देह हळूंहळूं उलटला. टाळ्या वाजविणारे चाळीस-पन्नास असतील. मामा ‘वा!’ म्हणाले. आम्हीं त्यांच्या वयाकडे पाहून तें सोडून दिलें.

चौथी अकरा हजारांची. हिच्यासाठींच आम्हीं वही आणली होती, असें वाटलें. दोन्ही गडी तरुण, उंच, अंगानें तेलविलेल्या शिसवाच्या खांबासारखे. एकाची चाल सापाची, दुसऱ्याची बैलाची. गर्दनखेंच झाली, एकानें आंतली टांग मारली, दुसऱ्यानें ती हवेंतच सोडविली, त्यानें ढाक लावली, यानें ती मोडली, प्रत्येक डावाला उत्तर, आणि उत्तराला पुन्हां प्रत्युत्तर. डफडीं वाजूं लागलीं. भज्यांच्या गाड्यांकडे गेलेले लोक धांवत परत आले. आणि पांचव्या मिनिटाला, आम्ही बसलों होतों त्याच कडेला, एकानें गर्रकन् पाठ फिरविली, दुसऱ्याचा हात खांद्यावर घेतला, आणि तो मोठा देह वर उचलला जाऊन, पुरें वर्तुळ काढून, समोरच्या मातींत उताणा पडला. धोबीपछाड! फेटे उडाले. आम्ही आमच्या वयाला न शोभेल अशा रीतीनें उभे राहून ओरडत होतों. नातूहि ओरडत होता. खालीं बसल्यावर आम्हीं शेवटच्या रकान्यांत लिहिलें, ‘दिवसाची सर्वोत्कृष्ट कुस्ती. १९६६ ची आठवण.’

मामांनीं काठीनें आमच्या गुडघ्याला टोचलें.

“मानसाकडं काय पाहून राह्यला? माती पाह्य ना बाप्पा.”

आम्हीं त्यांच्या काठीच्या टोंकाकडे पाहिलें. पडलेल्या गड्याचे पाय जेथून सुटले होते, तेथें मातींत दोन लहान खड्डे होते. शेजारीं शेजारीं, स्वच्छ, अंगठ्यांनीं दाबलेले.

“ज्याले खरंच उचलते, थ्याचे पाय माती सोडत नाई. वखर फिरल्यावानी ओढ पडते. हे दोन खड्डे पाह्य. याले कोनी फेकला नाई. हा सोता उडला.”

पोरें फावडें घेऊन माती सारखी करावयास आलीं आणि ते खड्डे बुजले. पण तेवढ्या वेळांत आम्हीं पाहावयाचें तें पाहिलें होतें. ज्याला पडावयाचें नाहीं तो मनुष्य आपलें वजन टांचांत नेतो, कंबर खालीं टाकतो. त्याला ओढून नेणाऱ्याला त्याच्याबरोबर त्याच्या पायांखालची मातीहि ओढावी लागते. अंगठ्यांवर भार देतो तो फक्त वर जाऊं इच्छिणारा. तिसऱ्या कुस्तीच्या जागीं, पलीकडच्या कोंपऱ्यांत, अजून नांगरटीसारखे चर दिसत होते. सालदाराच्या पायांनीं ते काढले होते. आमच्या वहींत त्याच्यापुढें ‘रंजकतेचा अभाव’ असें लिहिलेलें होतें.

पांचवी आणि शेवटची कुस्ती एकावन्न हजारांची. तिच्या जाहिराती पंधरा दिवसांपासून लागल्या होत्या. एक गडी सोलापूर जिल्ह्यांतून आणि दुसरा थेट हरियाणांतून आणलेला. पंचवीस मिनिटें दोघे एकमेकांच्या मनगटांशीं झटत राहिले. पट निघाले, पण लागले नाहींत. कब्जा मिळाला, पण टिकला नाहीं. वीस मिनिटें झाल्यावर गर्दींतून ‘नुरा! नुरा!’ असा ओरडा उठला. नुरा कुस्ती म्हणजे आधीं ठरवून केलेली, लटकी कुस्ती. पहिलवानाला याहून मोठी शिवी नाहीं. पंचांनीं कुस्ती सोडविली, बक्षीस निम्में निम्में वांटलें, आणि लोक आयोजकांच्या नांवानें बोटें मोडीत पांगूं लागले. आमचें लक्ष त्या कुस्तींत नव्हतें. तरी केवळ सर्वांबरोबर राहावें म्हणून आम्हीहि ‘नुराच दिसते’ असें म्हटलें.

“नाई,” मामा म्हणाले. “खरी होती. माती पाह्य, सारी वखरून काढली. हरियानाच्या गड्याचं बोट सुजलं होतं. थ्याले म्हाइत होतं, आन् सोलापूरवाल्यालेबी म्हाइत होतं. पन थ्यानं थे बोट एकदाबी धरलं नाई.” थोडें थांबून ते म्हणाले, “याले नुरा म्हनत नाई, बाबू.”

परत घरीं जातांना नातवानें विचारलें कीं, ज्या कुस्तीला सगळे खोटी म्हणाले ती खरी आणि जिला सगळ्यांनीं टाळ्या वाजविल्या ती खोटी, मग टीव्हीवरच्या कुस्त्या कोणत्या? प्रश्न सरळ होता आणि त्याचें उत्तरहि सुदैवानें आम्हांला ठाऊक होतें. ते डब्ल्यू. डब्ल्यू. ई. नांवाच्या अमेरिकन मंडळीचे प्रयोग असतात, आणि आपल्या नाटक मंडळ्यांप्रमाणेंच त्यांत कोणीं केव्हां पडावयाचें हें आधीं ठरलेलें असतें. २००७ सालीं हिमाचल प्रदेशच्या ग्रेट खलीला तेथील जागतिक हेवीवेट पट्टा मिळाला, तेव्हां या नातवाच्या बापानें घरांत पेढे आणले होते. आम्हींहि ते खाल्ले. आणि यांत फसवणूक म्हणावी तर तीहि नाहीं. १९८९ सालीं त्या मंडळीच्या चालकांनीं न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढें स्वतःच सांगून टाकलें कीं, हा खेळ नसून करमणूक आहे. तसें सांगितल्यानें क्रीडा-नियामकांचा जांच आणि कर वाचत होता. सत्य बोलण्याला इतकें व्यवहारी कारण क्वचितच मिळत असेल.

परंतु हें सोंग मुळांत कां काढावें लागलें, याचा विचार करूं लागलों म्हणजे आमच्या तिसऱ्या कुस्तीचा सालदार आठवतो. खरी कुस्ती पाहावयास कंटाळवाणी असते. १९१६ च्या ४ जुलैस अमेरिकेंत ओमाहा येथें जो स्टेचर आणि एड लुइस या त्या काळच्या अव्वल मल्लांची कुस्ती झाली. ती जवळजवळ पांच तास चालून बरोबरींत सुटली. पांच तास तिकीट काढून बसलेल्या माणसाचें काय झालें असेल! पुढें १९२० च्या दशकांत याच लुइसनें दोन साथीदारांबरोबर नवा धंदा उभा केला. वेळ बांधलेली, डाव डोळ्यांत भरणारे, आणि निकाल आधीं ठरलेला. लोकांनीं मैदानें भरून टाकलीं. आपल्याकडेहि १९५० च्या दशकांत मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्यें दारासिंग आणि किंग काँग यांच्या झुंजींना अशीच गर्दी लोटे. दारासिंगाचा ‘किंग काँग’ हा १९६२ चा चित्रपट आम्हीं टूरिंग टॉकीजच्या कनातींत पाहिला आणि घरीं येऊन उशीला धोबीपछाड मारली.

आणि ज्याच्या नांवानें आजहि आमच्याकडे पोराला ‘लई गामा झालास’ म्हणतात, त्या गामाची गोष्ट घ्या. १९१० च्या १० सप्टेंबरला लंडनमध्यें त्याची पोलंडच्या झ्बिस्कोशीं कुस्ती झाली. झ्बिस्को आरंभींच पालथा पडला आणि अडीच तासांहून अधिक वेळ मातींत खिळा ठोकल्यासारखा पडून राहिला. (माती तेथें नव्हती, गादी होती, पण आम्हांला दुसरा शब्द सुचत नाहीं.) त्याच्याहून कितीतरी चपळ असा गामा त्याला उताणा करूं शकला नाहीं. कुस्ती आठवडाभर पुढें ढकलली, आणि १७ तारखेला झ्बिस्को आलाच नाहीं. लंडनच्या प्रेक्षकांनीं त्या दिवशीं काय आरडाओरडा केला असेल, हें आमच्या गांवच्या पांचव्या कुस्तीवरून समजतें. १९२८ सालीं पतियाळास दोघे पुन्हां भेटले तेव्हां गामाला एक मिनिटहि लागलें नाहीं. दोन्ही कुस्त्या खऱ्या. पण पहिल्या कुस्तीच्या प्रेक्षकांना तें कोणीं पटवून द्यावें?

आतां मातीची जागा गादी घेत आहे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत, जी १९६१ पासून होत आली आहे, अलीकडे गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता यांच्यांत अखेरची कुस्ती होते. गादीचे लाभ पुष्कळ आहेत. दुखापत कमी, आणि ऑलिंपिकला जाणाऱ्याला तिच्यावांचून गति नाहीं. पण गादीवर कांहीं उमटत नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत अहिल्यानगर येथें गादीवरच्या एका कुस्तींत दोन्ही खांदे टेकले कीं नाहीं यावरून वाद होऊन एका मल्लानें पंचांना लाथ मारली, आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. चोहोंकडे कॅमेरे होते. खांद्याखालीं काय झालें तें गादीला ठाऊक असलें तरी ती सांगत नाहीं.

हें सर्व आम्ही नातवाला सांगत होतों, पण मन दुसरीकडे होतें. १९६६ च्या कुस्तीची माती आम्ही आठवूं पाहत होतों आणि ती आठवत नव्हती. नांदेडच्या गड्याच्या कानांतली बाळी आठवत होती. आजोबांच्या पागोट्याचा रंग आठवत होता. आणि हवेंत, आमच्या डोळ्यांच्या रेषेंत, एकमेकांना चिकटलेले दोन तळवे, सूर मारणाऱ्याच्या तळव्यांसारखे, आठवत होते. ओढून नेलेल्या माणसाचे तळवे कोठें जुळतात?

रात्रीं जेवणें झालीं. मामांची बाज अंगणांत होती. आम्ही ओट्यावर बसलों होतों. नातू खोबऱ्याची वाटी कुरतडत आंत झोंपावयास गेला. आम्हांला विचारावयाचें होतें, आणि आमच्यानें विचारवत नव्हतें. ऐंशीच्या पुढच्या माणसाला, ज्याच्याजवळ आयुष्यांत दाखविण्यासारखें एवढेंच एक आहे असें आम्ही समजत आलों, त्याला काय विचारावें? आम्हीं वही मात्र काढली आणि चौथ्या कुस्तीपुढचा शेरा पेन्सिलीनें खोडला. ‘१९६६ ची आठवण’ हे शब्द राहिले. ते खोडावे कीं ठेवावे हें कळेना.

“तुहा थो निबंध म्या वाचला होता,” मामा अंधारांतून म्हणाले. “शाळेतला. डोहात सूर मारते म्हून लिव्हलं होतं तू.”

आम्ही कांहीं बोललों नाहीं.

“त्या सांजेले लोकं मले खांद्यावरून उतरूच देत नव्हते. रात्री सारे निजल्यावर म्या कंदील घेऊन गेलो आखाड्यात. तुमच्या कडेलेच पडला होता थो. कोनी पाय देल्ला नव्हता तिथं.” ते खोकले, पाण्याचा तांब्या उचलून दोन घोट प्याले. “दोन खड्डे होते. आन् सकाळी पाह्यलं, त दावनीत गोऱ्हा नाई.”

बऱ्याच वेळानें आम्हीं विचारलें, “आजोबांना तुम्ही कधीं बोललां?”

“आबाले काय बोलनार? गावाची इज्जत होती थ्याइच्या मनात. मागल्या दोन सालीं गावचा गडी हरला होता.” बाज करकरली. “म्या कडं कधी घातलं नाई. आबा रोज पाहत होते.”

मग ते कुशीवर वळले, आणि थोड्याच वेळांत त्यांना झोंप लागली.